टाकीवरचा आठवा दिवस

“हात तर छान आहेत की, मावशी,” डॉक्टर म्हणाले आणि कागदावर ‘तक्रारीत तथ्य नाही’ असं तिसऱ्यांदा लिहून मोकळे झाले.

छान असणारच. रुग्णालयाच्या धुलाईखान्यात आमचे पंधरा दिवस धुण्याच्या टाकीवर, मग आठवडाभर घडीच्या खोलीत. टाकीवरून कुणाला हलू देत नाहीत, म्हणून तपासणीला धाडतात ते घडीच्या आठवड्याच्या शेवटी. तोवर पुरळ मावळलेलं. मला फक्त कोपरापर्यंतचे हातमोजे हवे होते, पण मुकादमाने बजावलं, परत खोटी तक्रार केलीस तर कायमची घरी बसशील.

नवरा म्हणाला, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? म्हटलं, मासे गेले खड्ड्यात, कातडी माझी सोलवटतेय. लेकीच्या हातची पोळी खाते मी, कणीक मळवत नाही म्हणून.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी दोन वर्षं खुणा करत होते. टाकीवर तिसऱ्या दिवशी खाज, आठव्याला फोड, घडीच्या चौथ्या दिवशी सगळं गायब. दर पाळीला तेच. एकदा धुण्याची पावडर आली नव्हती, साध्या साबणावर भागवलं. त्या पंधरा दिवसांत एक खूण नाही.

मग या खेपेला आठव्या दिवशी मी ओली चादर तशीच टाकीत सोडली. मुकादम मागून ओरडत होता, काम टाकून गेलीस तर बघ. बघ म्हणे. घरून आणलेली दोन्ही वर्षांची कॅलेंडरं काखेत मारली आणि जिना चढले.

डॉक्टरांच्या टेबलावर हात ठेवले. त्यांनी दिवा जवळ ओढून फोड पाहिले. मग एकेक पान उलटून खुणा पाहिल्या आणि कागद ओढला.

“आधी तारीख घाला,” मी म्हणाले. “आणि टाकीवरचा आठवा दिवस, तेही लिहा.”

त्यांनी दोन्ही लिहिलं.

खाली आले तर मुकादम कामावरून काढल्याची चिठ्ठी घेऊन दारातच उभा. अकरा वर्षांची नोकरी चार ओळींत संपवली मेल्याने. चिठ्ठी घेतली, डॉक्टरांचा कागद त्याच्या हातात दिला आणि यंदाचं कॅलेंडर टाकीवरच्या खिळ्याला अडकवलं.

माझ्या शेजारी धुणारी थोरली बाई कधी कुणापुढे तोंड उघडत नसे. तिने पदराला हात पुसले. फोडांनी बोटं मिटत नव्हती तिची.

“माझी खूण कुठे करू गं?” तिने विचारलं.

मी तिला पेन्सिल दिली.