शेरेबुकातली ओळ

"आजोबा, हे तुम्ही स्वतः पाहिलं होतं का?" अर्पितानं वहीतून डोकं वर काढून विचारलं.

रविवारची सकाळ होती. दारव्ह्यातल्या नरहरराव सरोद्यांच्या ओट्यावर गल्लीतली सात-आठ मुलं पेपर वाचायला जमली होती. नरहरराव पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले, तेव्हापासूनचा हा शिरस्ता. एकानं बातमी वाचायची आणि वाचून झाली की बाकीच्यांनी एकच प्रश्न विचारायचा, "हे पाहिलं कोणी?" टीव्हीवर चौघं एकमेकांवर ओरडत असतात, त्यातला एकही जण जागेवर गेलेला नसतो, असं ते मुलांना न कंटाळता सांगत.

स्वतः ते पेपरात पत्रं लिहीत. रस्त्यावरचे खड्डे, कापसाचा भाव, निवडणुकीतली आश्वासनं, काही सुटत नसे. छापून आलेलं प्रत्येक पत्र ते वहीत चिकटवून ठेवत. सातवीतल्या अर्पितानं आज ती वहीच उघडली होती. पंधरा दिवसांपूर्वीचं पत्र होतं, कमी पटाच्या शाळांबद्दलचं. जवळच्या तांड्यावरच्या शाळेत सहाच मुलं उरली आहेत. अशी शाळा मोठ्या शाळेला जोडावी, म्हणजे मुलांना सोबती मिळतील आणि पुरेसे शिक्षकही, असं त्यांनी लिहिलं होतं.

"पाहिलं म्हणजे! जीपनं जाऊन एकेक मूल मोजलं," नरहरराव खुशीत म्हणाले.

"साहा नाय काकाजी, एकोणीस हायेत."

फाटकाशी एक माणूस उभा होता. हातात त्याच पत्राचं कात्रण, घड्या पडून मऊ झालेलं.

"मी खेमसिंग, त्या तांड्यावरचा. माही पोरगी तिसरीत हाय तिथं. तुम्ही आलते ना, तो बाजाराचा दिवस होता. आमी सारे इकडं दारव्ह्याले येतो. घरी कोणीच नाय, मंग बारक्यांले कोण पाहीन? शाळेतली पोरंच त्यांले कडेवर घेऊन आमच्यासंग बाजारात हिंडते. बाई त्याच्या बदल्यात रविवारी शाळा भरवते. आज बी भरली हाय."

नरहररावांना आठवलं. त्या दिवशी बाजारातून मेथीच्या दोन जुड्या त्यांनीच आणल्या होत्या. जुड्या घरात ठेवून मग तांड्याची जीप धरली होती.

"मले नाय तं कोणाले बी विचारायचं होतं. काहून नाय विचारलं?" खेमसिंगच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. "आता तपासणीले साहेब येऊन राह्यले. तुमचं पत्र फायलीत लावलं म्हणते. आन येणार बी बाजाराच्याच दिवशी! साहाच पोरं दिसली तं शाळा गेली. पुढची शाळा चार किलोमीटर, मधात नाला."

सुचित्राबाई चहा घेऊन बाहेर आल्या. कप खेमसिंगच्या हातात देत नवऱ्याला म्हणाल्या, "लोकांच्या बातम्या चाळून घेता, स्वतःचीच तेवढी राहिली."

"पेपरवाले चुकीची दुरुस्ती छापतात नं आजोबा? तुम्हीच सांगतलं होतं," अर्पिता हळूच म्हणाली.

"छापतात बेटा. बारीक अक्षरात."

त्याच दुपारी त्यांनी 'माझ्या पत्रातील चूक' असा मथळा देऊन पत्र पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्याची प्रत शिक्षण खात्याच्या कचेरीत नेऊन दिली आणि पोच घेतली. मोठ्या शाळेबद्दलचं आपलं म्हणणं सगळंच खोटं आहे, असं त्यांना अजूनही वाटत नव्हतं. पण ते म्हणणं त्यांनी सहा मुलांवर उभं केलं होतं, आणि मुलं सहा नव्हती. मग रोज सकाळी ते आधी पत्रांचं पान उघडत. इतरांची पत्रं असत. त्यांचं नसे.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी ते बायकोला म्हणाले, "उद्या मी तांड्यावर जातो. बारक्यांना मी सांभाळीन, म्हणजे मोठी शाळेत बसतील. खेमसिंगशी बोललोय."

"तुम्ही? आपल्या पियूषचा लंगोट तरी कधी बदलला होता का?" सुचित्राबाईंनी मुरमुऱ्यांचा डबा पिशवीत घातला आणि स्वतःची चप्पलही दाराशी काढून ठेवली.

सकाळी सगळ्या जीपा दारव्ह्याकडे भरून येत होत्या. हे दोघं रिकाम्या जीपमधून उलटे निघाले.

"काकाजी, बाजार तं इकडं हाय!" ड्रायव्हर हसला.

"माहीत आहे. मागच्या वेळी विसरलो होतो."

शाळेच्या व्हरांड्यात अकरा बारकी जमली. सुखीबाई नावाची तरुण आई लेकराला ठेवून जीपकडे गेली, परत आली, पुन्हा गेली. "लयच रडला तं फोन करजा," म्हणाली. रडला नाही. नरहररावांच्या मांडीवर बसून त्यांचा चष्मा चोखत राहिला. सुचित्राबाई मुरमुरे वाटत होत्या. आत दीपमालाबाई हजेरी घेत होत्या आणि एकामागून एक "हजर" असा आवाज बाहेर येत होता. नरहरराव बोटांवर मोजत होते. एकोणीस झाले, तेव्हा त्यांनी पाठ भिंतीला टेकली.

साहेब आले नाहीत. चारच्या सुमाराला फोन आला, यवतमाळला बैठक निघाली. पुढच्या आठवड्यात याच वारी येऊ.

बाजारातून परतलेला खेमसिंग कपाळाला हात लावून पायरीवर बसला. "आता पुढच्या बाजाराले येतीन म्हणते."

"मग आम्हीही येतो," नरहरराव म्हणाले. "साहेब येवोत न येवोत."

पाहुण्यांनी शेरा लिहायचं शेरेबुक दीपमालाबाईंनी साहेबांसाठी टेबलावर काढून ठेवलं होतं. ते त्यांनी नरहररावांपुढे धरलं. "तुम्ही लिहा, काका."

पेपरासाठी तीन-तीन कच्चे खर्डे करणारे नरहरराव पेन धरून बराच वेळ बसले. मग लिहिलं, 'आज बाजाराचा दिवस. पटावर एकोणीस, हजर एकोणीस. मागच्या वेळी मी फक्त मोजली होती. या वेळी विचारलंही.' खाली सही केली. 'निवृत्त पोस्टमास्तर, दारव्हा' असं पेपरात नेहमी लिहीत, ते आज लिहिलं नाही.

वही मिटायला त्यांनी हात पुढे केला, तशी खेमसिंगची मुलगी मध्ये आली.

"थांबा नं आजोबा, शाई ओली हाय."

ती वहीवर वाकली आणि गाल फुगवून त्या ओळींवर फुंकर घालू लागली.