मंजुरी देणारा मयत

अश्वजितनं वर्ध्यातल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसासाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवलं, एकाच वेळी तिघांना वापरता येईल असं. ऑफिसात माणसं दोनच होती, म्हणून शिकवण्यापुरतं ‘मंजुरी देणारा’ म्हणून त्यानं स्वतःचं नाव टाकलं. तिथंच तो फसला.

त्या ऑफिसात पहिली सही कुणीच करत नसे. हिशेबनीस बंडूजी तीस वर्षं दुसऱ्याच्या सहीखाली सही करून सुखात होते. “चौकशीत पयला सहीवालाच जाते,” ते सांगत. आता पहिला सापडला होता. दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी खुर्ची आली, तिसऱ्या दिवशी उशी.

सोमवारी अश्वजितला पुण्यात नोकरीवर हजर व्हायचं होतं.

नाव काढायला बंडूजी आणि टायपिस्ट कमलाबाई, दोघांची संमती लागे. एकट्यानं कुणी गडबड करू नये म्हणून हा नियम त्यानंच घातलेला. चोरवाट ठेवली नव्हती; सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकात तसं अभिमानानं छापलंही होतं.

“कमलाबाईनं बटन दाबलं का मी दाबतो,” बंडूजी म्हणाले.

“तुमी मोठे. पयले तुमचं,” कमलाबाई म्हणाल्या.

असं करता करता शनिवार उजाडला. गाडी संध्याकाळची. दारात पाच ड्रायव्हर डिझेलच्या चिठ्ठ्या घेऊन उभे; अश्वजितची बॅग त्यांनी एका ट्रकमध्ये ‘सांभाळून’ ठेवलेली.

शेवटी त्यानं पर्याय पाहिले. ‘रजेवर’ला संमती लागे, ‘नोकरी सोडली’लाही. ‘मयत’ला लागत नसे. त्यानं स्वतःला मयत केलं.

ऑफिसनं हार मागवला, दोन मिनिटं शांतता पाळली. अश्वजितही उभा राहिला. बसून राहणं बरं दिसलं नसतं.

“पोरगं गुणी होतं,” कमलाबाईंनी डोळे पुसले.

“येतो मग,” अश्वजित म्हणाला.

“काऊन घाई करून राह्यले? हाराची चिठ्ठी मंजूर करा ना.”

“मी मेलोय, बंडूजी.”

“थे कॉम्प्युटरात. इथं त उभेच हा!”

तेवढ्यात पडद्यावर प्रश्न आला: नवा मंजुरी देणारा कोण? बंडूजी किंवा कमलाबाई? खाली दुसरं बटन होतं: ‘चुकून मयत’. त्यालाही दोघांची संमती हवी, म्हणून अश्वजित निश्चिंत होता. या जन्मात हे दोघं दाबत नाहीत.

बंडूजींनी कमलाबाईंकडे पाहिलं, कमलाबाईंनी बंडूजींकडे.

“एक, दोन, तीन,” म्हणत दोघांनी आपापल्या कॉम्प्युटरवर ‘चुकून मयत’ एकदमच दाबलं.

अश्वजितचं नाव हिरवं झालं. कमलाबाईंनी खुर्चीवरची उशी झटकली.

“बसा आता,” बंडूजी म्हणाले. “पयले डिझेलच्या घ्या.”