पाचवा फाऊल

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसानं बास्केटबॉलचा पंच व्हावं, याचं कुणाला नवल वाटलं नव्हतं. आठवडाभर दुकानादुकानांतले काटे उघडायचे, साफ करायचे, शून्यावर आणायचे आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर उभं राहायचं. कुणाच्या पदरात जास्त पडू द्यायचं नाही की कमी, एवढंच दोन्हीकडचं काम. खेळाडू मुली पाठीमागे त्याला शिट्टीमास्तर म्हणत आणि समोर सर. त्याची स्वतःची लेकही मैदानावर त्याला सरच म्हणे. हा नियम त्यानंच घातला होता आणि तिनं तो कधी मोडला नव्हता.

लेक आता शाळेच्या शेवटच्या वर्षात होती. उंचीत तिनं बापाला केव्हाच मागे टाकलं होतं. मैत्रिणी तिला शिडी म्हणत आणि वरच्या फळीवरचा डबा हवा असला की आईही म्हणे. पण नुसत्या उंचीनं काय होतंय, उंच तर दिव्याचा खांबही असतो. ही पोर डोकं लावून खेळायची. कॉलेजच्या संघातून खेळायचं, हा एकच ध्यास तिनं घेतला होता. त्या संघाच्या प्रशिक्षक बाई वर्षातून एकदा, शाळांचा अंतिम सामना पाहायला येत आणि त्यांना पसंत पडलेल्या मुलींनाच निवड चाचणीचं बोलावणं जाई. म्हणजे काय दाखवायचं ते त्या एका दुपारीच.

यंदा लेकीचा संघ अंतिम सामन्यात पोचला होता आणि नेमका त्या दिवशी सकाळी ठरलेल्या पंचाचा पाय जिन्यावरून उतरताना मुरगळला. जोडीचा पंच अगदीच नवखा होता, म्हणून आयोजकांनी शिट्टीमास्तरला गळ घातली. त्यानं परोपरीनं सांगून पाहिलं, की बापानं लेकीच्या सामन्यात पंच होणं बरं दिसत नाही. त्यावर समोरच्या संघाच्या मास्तरांनीच, आमची काही हरकत नाही, हेच असतील तर उत्तम, असं हसत हसत सांगून टाकलं. ते का हसले हे प्रेक्षकांत बसलेल्या त्याच्या बायकोला लगेच कळलं आणि तिनं कपाळाला हात लावला.

लेकीनं सुरुवात तर झकास केली. दोन मुलींच्या मधून चेंडू काढून तिनं तो न बघताच मैत्रिणीच्या हातात दिला, तेव्हा प्रशिक्षक बाई बाकावर पुढे सरकून बसल्या. बापानं ते पाहिलं आणि त्याच्या छातीत काहीतरी हललं. तिथंच घात झाला. आपल्याला आनंद झाला हे लक्षात येताच तो घाबरला आणि लेकीवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायला लागला. पहिले दोन फाऊल खरेच होते, पण तिसरा त्यानं दिला तो दुसऱ्या कुणाचा असता तर नजरेआड झाला असता. चौथाही तसलाच. खेळाडूच्या नावावर पाच फाऊल झाले की तिला बाहेर बसावं लागतं, हे शिडीला सांगायची गरज नव्हती. ती जपून खेळायला लागली.

शेवटच्या भागात समोरची एक मुलगी वाऱ्यासारखी बास्केटकडे सुटली. शिडी मागून धावत आली, उडाली आणि तिनं चेंडू वरच्या वर टोलवून बाहेर घालवला. बापाची शिट्टी वाजली. पाचवा फाऊल.

आणि वाजल्यानंतर त्याला आवाज आठवला. हात हातावर बसला की चपराकीसारखं वाजतं. चेंडूवर बसला की ढप्प. आत्ता ढप्प वाजलं होतं. पण वाजलेली शिट्टी त्यानं उभ्या जन्मात मागे घेतली नव्हती आणि आज, या मुलीसाठी, कशी घेणार? लेकीनं नियमाप्रमाणे हात वर केला, "हो, सर," म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली. तिचा संघ थोडक्यात हरला.

सामन्यानंतर बायकोनं त्याला नळापाशी गाठलं. ती दवाखान्यात परिचारिका होती. इंजेक्शन आणि सत्य दोन्ही झटकन टोचायची तिला सवय होती.

"काटा लेकीकडे झुकू नये म्हणून तुम्ही दुसऱ्या पारड्यात दगड ठेवता," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाच्या काट्यात असला दगड सापडला, तर काय म्हणता हो तुम्ही?"

एवढं बोलून ती कामावर निघून गेली. लबाडी दोन्ही बाजूंनी होते, हे तो दुकानदारांना वर्षानुवर्षं ऐकवत आला होता. त्यानं तोंडावर पाणी मारलं आणि फाटकाकडे निघालेल्या प्रशिक्षक बाईंना हाक मारली.

"बाई, पाचवा फाऊल नव्हताच," तो म्हणाला. "माझी चूक झाली. ती माझी मुलगी आहे, म्हणून झाली. तिच्या खेळाचा हिशेब त्यावरून करू नका."

बाई काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "फाऊल होता, सर."

शिडी खांद्याला पिशवी लावून उभी होती. डोळे लाल होते, पण मान ताठ. "माझा हात तिच्या मनगटाला लागला होता," ती बाईंना म्हणाली. "सरांची शिट्टी बरोबर होती."

बाईंनी एकदा बापाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. "मी समोरच बसले होते," त्या सावकाश म्हणाल्या. "मला काय दिसलं, ते मी तुम्हा दोघांनाही सांगणार नाही. रविवारी चाचणीला ये. तिथं शिट्टी माझ्याकडे असते." आणि त्या निघून गेल्या.

बापलेक घराच्या रस्त्याला लागले. बोलावणं आलं होतं, उड्या मारायला हव्या होत्या, पण त्याच्या डोक्यात अजून ते ढप्पच वाजत होतं. दुकानांच्या ओळीपाशी त्याला राहवेना.

"खरंच लागला होता हात?"

"नाही," ती म्हणाली.

"मग तसं का सांगितलंस? त्यांनी बोलावलंच नसतं तर?"

"तर मी दुसरीकडे कुठंतरी खेळले असते." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "पण शिट्टीमास्तर घरचं माणूस बघून शिट्टी वाजवतो, असं एकदा झालं, की तुम्हाला कोण बोलावणार, बाबा? काटे आणि शिट्टी सोडून तुम्हाला दुसरं काय येतं?"

खोटं बोलणं वाईट, हे तिला त्यानंच शिकवलं होतं. ते आता सांगायला हवं होतं. पण ही पोर एवढी मोठी कधी झाली, हे नेहमी तिच्यावरच नजर ठेवणाऱ्या माणसाला कळलं नव्हतं. त्यानं तिच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली, तिचा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.