कोऱ्या रकान्यातलं नाव

"आल्बान क्रेप्नर," झायलरबाईंनी मोठ्याने वाचलं आणि मतपत्रिका समोरच्या गठ्ठ्यावर ठेवली. "आल्बान क्रेप्नर. पुन्हा आल्बान क्रेप्नर. यावर नुसतंच 'आपला आल्बान' लिहिलंय. धरायचं का?"

"धरा की! गावात दुसरा आल्बान आहे कुठे?" अग्निशमन दलाचा किलियान मागून ओरडला, आणि नगरपालिकेच्या सभागृहात हशा पिकला.

आल्बान मात्र हसला नाही. कोटही न काढता तो मागच्या बाकावर बसून होता. दिवसभर सुतारकाम आणि संध्याकाळी हिर्शलोहचं नगराध्यक्षपद, असं त्याने अठरा वर्षं रेटलं होतं. गटार तुंबलं की आल्बान, स्मशानाची भिंत कलली की आल्बान, शेजाऱ्याचा कोंबडा वेळी-अवेळी आरवला तरी आल्बानच. आता पुरे, असं त्याने ऑक्टोबरातच जाहीर करून टाकलं. पण त्याच्या जागी उभं राहायला कोणी तयार होईना. उमेदवारच नसला की मतपत्रिकेवर एक कोरा रकाना तेवढा असतो. ज्याला जे नाव सुचेल ते त्याने लिहायचं. लोकांना, मेल्यांना, दुसरं नाव सुचत नव्हतं.

त्याची मुदत एप्रिलअखेर संपत होती. एक मेपासून दोन महिन्यांसाठी रोस्विथाने समुद्राकाठी दोन खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. गेल्या अठरा वर्षांत नवराबायकोला सलग चार दिवसांच्या वर सुट्टी मिळाली नव्हती.

मतदान गुप्त असतं ते कायद्यापुरतं. इतकी वर्षं अर्ज आणि तक्रारी वाचून आल्बानला गावातली सगळी अक्षरं पाठ झाली होती. हे डॉक्टरांचं, हे म्हाताऱ्या ओटिलीचं थरथरतं. एकाने पाववाल्याच्या बोकडालाही मत दिलं होतं. तेवढ्यात झायलरबाई अडखळल्या.

"'कोणीही चालेल. आल्बान नको.'" त्यांनी चष्मा वर सरकवला. "नावच नाही. बाद."

सभागृह पुन्हा खिदळलं. ते टपोरं अक्षर आल्बानने बाकावरूनही ओळखलं. जेवण ओव्हनमध्ये आहे, असं त्याच अक्षरात लिहिलेली चिठ्ठी रोज फ्रिजवर असायची. त्याला मनापासून लाज वाटली.

"चारशे दोनपैकी दोनशे अठ्ठ्याऐंशी," शेवटी झायलरबाई म्हणाल्या. "अध्यक्षसाहेब, स्वीकारताय ना? लिहून टाकू?"

"उद्या सकाळी सांगतो."

"नाही म्हणालात तर पुन्हा निवडणूक, पुन्हा हाच घोळ. मग वरचे लोक म्हणतील, जोडून टाका यांचं गाव शेजारच्या आल्टेनरोडला. अठ्ठ्याहत्तर साली थोडक्यात वाचलो होतो आपण."

"मला सांगता होय? तेव्हा रस्त्यात ट्रॅक्टर आडवे लावून बसले होते, त्यांत माझा बाप होता."

तो बाहेर पडला. ओढ्यावरचा पूल, बंद पडलेली गिरणी, मग घरापर्यंतचा चढ. वाटभर तो एकच शब्द घोकत होता. नाही. थकलोय मी. नाही. फाटकापाशी येईपर्यंत तो शब्द जिभेवर पक्का बसला होता.

अंगणात मात्र गर्दी होती. अध्यक्ष निवडून आला की त्याच्या दारात साल तासलेलं, शेंड्याला रिबिनी बांधलेलं उंच झाड उभं करायचं, ही इकडची रीत. किलियान आणि मंडळी केव्हाच सभागृहातून सटकली होती. झाड तर सकाळीच तोडून आणलेलं दिसत होतं. चौदा-पंधरा जण दोर धरून, लालबुंद होऊन, धापा टाकत होते.

"साहेब, बघा हो, सरळ आहे का?" किलियान ओरडला. "तुमची सुताराची नजर!"

खिडकीत रोस्विथा उभी होती. ती झाडाकडे बघत नव्हती, फक्त त्याच्याकडे बघत होती. आल्बानने तिच्याकडे पाहिलं, मग झाडाकडे पाहिलं. झाड खरोखरच कललं होतं.

"थोडं डावीकडे घ्या," तो म्हणाला.

रोस्विथा आत गेली. झाड उभारणाऱ्यांना बियर द्यावीच लागते. थोड्या वेळाने ती ट्रे घेऊन पायरीवर आली, सगळ्यांशी हसून बोलली, किलियानच्या पाठीवर थाप मारली. शेवटचा ग्लास तिने आल्बानच्या हातात दिला.

"एक मेला मला स्टेशनवर सोड," ती हळूच म्हणाली. "तेवढा वेळ काढ."