हिस्सा दोन अधिक पाच

नारंगखारच्या लोकांना हरकत घ्यायला कायद्यानं तीस दिवस दिले होते. त्यातले सव्वीस दिवस हरकती मागवणारी नोटीस बंद चावडीच्या आतल्या भिंतीवर चिकटून होती. बाहेरून कुणाला दिसणार? पण लावली होती, पंचनाम्यात तसं लिहिलं होतं, आणि जे लिहिलं ते झालंच असं धरायची आपल्याकडे रीत आहे. एका कंपनीला गोदामं बांधायला गावची खारजमीन, खाडीचं पाणी बांधानं अडवून केलेली शेती, हवी होती. उरलेल्या चार दिवसांत लोकांनी धावपळ करून सातबारे काढले, आणि शेवटच्या दिवशी सकाळी अडतीस खातेदार मोरूच्या टेम्पोनं दोन खेपांत अलिबागला आले. पाच वाजता कचेरीची खिडकी बंद होणार होती.

ते थेट सदाकाकांच्या गाळ्यात शिरले. सदाकाका तीस वर्षं कचेरीसमोर अर्ज लिहीत होते. आधी हातानं, मग टाइपरायटरवर, आणि आता प्राप्ती म्हात्रेच्या बोटांनी. प्राप्ती सव्वीस वर्षांची. बारावीनंतर कॉलेज सुटलं, कॉम्प्युटर कुणी शिकवला नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून स्वतःच शिकली. तिच्या कॉम्प्युटरवर एक फुकटातला प्रोग्रॅम होता. दोन अक्षरं टाइप करून स्पेस दाबली की अख्खा परिच्छेद पडद्यावर ओतला जाई. वारसांचा परिच्छेद, प्रतिज्ञापत्राचा मथळा, चतुःसीमा. चारशेच्या वर शॉर्टकट तिनं बांधले होते. शेजारच्या गाळ्यात अर्ध्या तासाचं काम तिच्याकडे पाच मिनिटांत व्हायचं. "आमच्या पोरीनं मशीनला मंत्र घातलाय," असं सदाकाका गिऱ्हाइकाला सांगायचे, आणि प्राप्तीला ते आवडायचं. का आवडू नये? दुसरं कोण तिचं कौतुक करायला बसलं होतं?

"एकच अर्ज करून सगळ्यांचे अंगठे घेऊ," काळूराम म्हणाला. गावात सातवीपर्यंत शिकलेला तो एकटा खातेदार, म्हणून पुढारी.

"अजिबात नाही," सदाकाका म्हणाले. "अडतीस अंगठे एका कागदावर म्हणजे कचेरीच्या वहीत हरकत एकच. अडतीस कागद, अडतीस हरकती. मोजताना त्यांचे हात दुखले पाहिजेत."

पहिला अर्ज काळूरामचा. तो प्राप्तीनं अक्षर अक्षर हातानं टाइप केला. शेतं वेगळी, पण कागदोपत्री जमीन सगळ्यांची सामाईक: सर्व्हे नंबर ८७, हिस्सा नंबर २+५, म्हणजे दोन आणि पाच हे जुने हिस्से एकत्र. सदाकाकांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. ही त्यांच्या गाळ्याची जुनी चाल: ज्याला वाचता येत नाही त्याला कागद वाचून दाखवल्याशिवाय शाईचा डबा उघडायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग प्राप्तीनं तोच मजकूर उचलून शॉर्टकटमध्ये टाकला आणि पुढचे सदतीस कागद भराभर काढले. नाव बदल, वय बदल, दोन अक्षरं, स्पेस, प्रिंट. वाचायला वेळ कुणाला होता? मजकूर तर एकच.

दीड वाजेपर्यंत सगळ्यांचे अंगठे झाले, फक्त एक सोडून. मोरू वीस जणांना घेऊन गावाकडे निघाला होता. केसर लेकीच्या बाळंतपणासाठी पालीच्या एसटीत बसून गेली होती. उरलेले भिंतीच्या सावलीत वडापाव खात होते. राहिली होती ती रंगूआजी.

"माजा वाच," ती म्हणाली.

"आजी, काळूरामदादांचा वाचला ना? तोच आहे सगळा."

"त्याचा त्याला वाचलास. माजा मना वाच."

"आये, सगल्यांचा एकच हाय गो," काळूराम बाहेरून ओरडला. "अंगठा लाव नि चल, वडा थंड व्हतोय."

"तुजा वडा सांडला काय? गप खा." रंगूआजी स्टुलावरून हलली नाही.

प्राप्तीनं सुस्कारा टाकला आणि कागद वाचायला घेतला. "...मौजे नारंगखार येथील सर्व्हे नंबर सत्त्याऐंशी, हिस्सा नंबर पंचवीस..."

ती थांबली. रंगूआजी थांबली नाही. "पंचवीस कुठशी आला? आमचा दोन नि पाच हाय. पंचवीस तो टेकाडावरच्या बंगलेवाल्याचा."

प्राप्तीनं गठ्ठा ओढला. दुसरा कागद, पंचवीस. तिसरा, पंचवीस. सदतीसच्या सदतीस कागदांवर अधिकचं चिन्ह गायब. रंगूआजी सोडून नारंगखारच्या छत्तीस माणसांनी मुंबईच्या कुठल्याशा शेठच्या बंगल्यासाठी हरकत घेतली होती, आणि स्वतःची शेती मोकळी सोडली होती.

तिनं नवीन पान उघडलं, दोन अक्षरं, स्पेस. पंचवीस. शॉर्टकट उघडून बघितला तर आत चिन्ह शाबूत. पुन्हा स्पेस. पुन्हा पंचवीस. मागच्या वर्षी एका वकिलाच्या नोटिशीतलं उद्गारचिन्ह असंच नाहीसं झालं होतं. तेव्हा सदाकाका म्हणाले होते, "बरं झालं, तो उगाच ओरडत होता," आणि दोघं हसली होती. का गेलं, ते तिनं बघितलं नव्हतं. तेव्हाच बघायला हवं होतं.

तिनं प्रोग्रॅमसोबत आलेली माहितीची फाइल उघडली. तीन वर्षांत एकदाही उघडली नव्हती. इंग्रजी मोडतोडत तिनं वाचलं. अधिकचं चिन्ह त्या प्रोग्रॅमला अक्षर वाटतच नव्हतं, हुकूम वाटत होता: शिफ्टची कळ दाब, असा. उद्गारचिन्ह हा दुसऱ्या कळीचा हुकूम. चिन्ह चिन्ह म्हणूनच उमटवायचं तर त्याला महिरपी कंसात ठेवायचं. तिनं दोन कंस घातले. दोन अक्षरं, स्पेस. हिस्सा नंबर २+५.

दोन कंस! एवढ्यावर अडतीस घरांची शेती अडली होती. पडद्यावर सोपं झालं, पण अंगठे कागदावर होते, आणि माणसं रस्त्यावर.

सदाकाकांनी तिला बाजूला घेतलं. "हे बघ, अंगठा दुसऱ्या पानावर आहे. नंबर पहिल्या पानावर. पहिली पानं नवीन काढ, मागे जुनी जोड. दहा मिनिटांचं काम. कुणाला कळणार नाही."

"अंगठा घेतल्यावर पान बदलायचं?"

"त्यांच्याच भल्यासाठी. सगळीकडे करतात."

"सगळीकडे करतात म्हणूनच तर यांच्या जमिनी जातात, काका." तिचा आवाज चढला. गाळ्याबाहेरची माणसं वळून बघू लागली. "चांगल्यासाठी बदललं काय नि वाईटासाठी बदललं काय, त्याला न विचारता बदललं ना? उद्या तो कंपनीचा वकील विचारेल, ही पानं कधी जोडली? काय सांगू?"

सदाकाकांना राग आला. तीस वर्षांत त्यांना गाळ्यात कुणी असं बोललं नव्हतं. पण रंगूआजी मधे पडली. "सदा, तुजी अक्कल तुज्यापाशी ठेव. माज्या सासऱ्याचा पहिला पान असाच बदलला व्हता. तो मरेपर्यंत म्हनत व्हता, मी भाड्यानं दिली, इकली न्हाय. पोरी, लाव फोन मोरूला."

मोरूनं फोन उचलला तेव्हा टेम्पो कार्ले खिंडीत होता.

"मोरूदादा, टेम्पो वळवा. सगळ्यांना परत आणा. नंबर चुकलाय."

"कुनी चुकवला?"

"मी. चूक माझी आहे."

टेम्पोतल्या वीस जणांच्या शिव्या तिला फोनमध्ये स्पष्ट ऐकू आल्या. तिनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. ऐकायच्याच होत्या.

ते येईपर्यंत तिनं सगळे कागद नव्यानं काढले. तीन वाजता टेम्पो आला. माणसं तापलेली. "आमचा धंदा काय गो, तुज्याकडे अंगठं लावत फिरायचा?" मोरू बोलला. प्राप्तीनं चूक काय झाली ते मोठ्यानं सांगितलं, जुना कागद आणि नवा कागद दोन्ही हातांत धरून. मग सदाकाका उठले. त्यांनी चष्मा पुसला, अर्धा गठ्ठा उचलला आणि बाकावर बसून पहिल्या माणसाला हाक मारली. अर्धा काळूरामनं घेतला. प्रत्येकाला त्याचं नाव आणि त्याचा नंबर वाचून दाखवायचा, त्यानं हो म्हटल्यावर अंगठा. गाळ्यात बाजार भरल्यासारखा गलका झाला. "दोन अधिक पाच?" "व्हय, दोन अधिक पाच." नवा अंगठा झाला की ज्याचा त्याचा जुना कागद सगळ्यांसमोर फाडला.

साडेचार वाजता छत्तीस कागद तयार होते, काळूरामचा धरून सदतीस. केसरचा राहिला. तिचा फोन बंद. पालीहून ती पाचच्या आत यायची तर पंख फुटायला हवेत.

"एक गेला तर गेला," कुणीतरी म्हणालं.

"केसरचा बांध पयला हाय," रंगूआजी म्हणाली. "तो फुटला का पाणी सगल्यांच्या शेतात."

प्राप्ती पुन्हा कॉम्प्युटरपाशी बसली. या वेळी एकही शॉर्टकट न वापरता तिनं हातानं टाइप केलं: मी, प्राप्ती म्हात्रे, टाइपिस्ट, लिहून देते की सोबतच्या हरकतीतला हिस्सा नंबर माझ्या टाइपिंगच्या चुकीमुळे पंचवीस असा पडला आहे. अर्जदार केसर यांना वाचून दाखवलेला आणि त्यांनी मान्य केलेला नंबर दोन अधिक पाच असाच होता. चूक अर्जदाराची नाही, माझी आहे. खाली सही, पत्ता, मोबाइल नंबर. केसरचा चुकीचा अर्ज होता तसाच ठेवून त्याला तो कागद जोडला.

खिडकीतल्या साहेबांनी सदतीस कागद मोजले, कुरकुरले, शिक्के मारले. अडतिसावा बघून थांबले. "हे काय? नंबर चुकलेला अर्ज मी कसा घेऊ?"

"चूक आहे असं लिहून दिलंय ना, साहेब. अर्ज वेळेत आलाय. घ्यायचा की नाही ते सुनावणीत वरचे साहेब ठरवतील. तुम्ही फक्त आवक वहीत नोंद करा."

"असं स्वतःच्या नावानं कुणी लिहून देतं का? उद्या तुलाच बोलावतील."

"बोलावू देत."

"आणि न घेतला तर?"

"तर घेणार नाही असं तुम्ही लिहून द्या. तुमच्या नावानं."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या मागे खिडकीला भिडून उभ्या असलेल्या गावाकडे बघितलं. घड्याळात पाचला चार मिनिटं होती. शिक्का पडला. केसरच्या हरकतीला एक नंबर, प्राप्तीच्या कागदाला त्याच्या शेजारचा.

बाहेर सदाकाका अडतीस पोचपावत्या नावानिशी वाटत होते. केसरची त्यांनी मोरूच्या खिशात घातली आणि वर बटण लावायला लावलं. प्राप्तीजवळून जाताना ते म्हणाले, "ती माहितीची फाइल मलाही वाचून दाखव. बाकीचे चारशे तपासायला लागतील."

"रात्र जाईल, काका."

"उद्या सकाळी. गाळा उशिरा उघडू."

टेम्पो सुरू झाला. रंगूआजी पुढच्या सीटवरून वाकली. "सुनावणी मंगलवारी हाय. सकालचे धा. तू येवाचा हायस."

"मी कशाला, आजी? माझी कुठे जमीन आहे तिथे?"

"तुजा नंबर लागलाय ना आमच्या मागं. ये. आनि डबा आनू नको, केसरच्या नातवाचा पेढा नि भाकरी आमी आनू."

"नातूच कशावरून? नात झाली तर?"

"तर जिलबी," मोरू म्हणाला, आणि त्यानं गिअर टाकला.