वडाखालचा वर्ग

विळ्याला एकदा धार लावली म्हणजे ती जन्मभर पुरत नाही. एवढी साधी गोष्ट अकोल्याच्या साहेबांना पटवायची होती, आणि ती पटेल असं जगदेव डॉक्टरांना मनापासून वाटत होतं.

जगदेव मंगरूळपीरच्या गुरांच्या दवाखान्याचे डॉक्टर. मागच्या हिवाळ्यात त्यांनी शेलूबाजारच्या शाळेत आसपासच्या स्टॉकमन लोकांचा वर्ग घेतला होता. ही माणसं गावोगाव फिरून जनावरांना लस टोचायची, जखमा धुवायची, अडलेली गाय सोडवायची. लोक त्यांना ढोरांचे कंपाउंडर म्हणत. जनावरांचे रोग त्यांना चांगले ठाऊक होते, पण जनावराकडून माणसाला कोणता रोग होतो हे त्यांना कधी कोणी शिकवलं नव्हतं. जगदेवांनी ते शिकवलं. शेवटी प्रत्येकाला दाखला मिळाला आणि प्रत्येकानं तो घरी भिंतीवर लावला.

यंदा जगदेवांनी पुन्हा वर्ग मागितला तेव्हा साहेब म्हणाले, "दाखला दिला ना? मग त्याच माणसांना पुन्हा काय शिकवणार?"

"विसरलेलं, साहेब. आणि माझं काय चुकलं तेही त्यांच्याकडून ऐकायचं आहे."

"मी स्वतः येऊन बसतो. मागचंच पाठांतर दिसलं तर हा वर्ग यापुढे बंद."

"या," जगदेव म्हणाले.

एक कारण त्यांनी साहेबांना सांगितलं नव्हतं. त्यांची बायको विजयमाला दोन वर्षांपूर्वी वारली. ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. घाम सुटायचा, सांधे धरायचे. हिवताप म्हणून कोयनेल दिलं, मग मुदतीचा ताप म्हणून उपास घातले. शेवटी दुखणं काळजावर गेलं. त्याआधी काही महिने, जगदेव दौऱ्यावर असताना, शेजाऱ्यांच्या गाईनं गाभ टाकला होता. विजयमालेनं आपल्या हातांनी तिचा अडकलेला जार, म्हणजे वार, ओढून काढला होता आणि रीतीप्रमाणे पोत्यात बांधून वडाला टांगायला दिला होता. जगदेवांना हे तिच्या दहाव्याला आलेल्या शेजारणीकडून कळलं. अशा गाईपासून माणसाला ताप येऊ शकतो, हे कॉलेजात त्यांना दोन ओळींत सांगितलं होतं. पुढे कोणी आठवण करून दिली नाही. तो ताप तोच होता की नाही, हे आता कोणीच सांगू शकत नव्हतं. पण त्या दोन ओळी कोणी वेळेवर पुन्हा वाचून दाखवायला हव्या होत्या, असं त्यांना रोज वाटे.

त्याच शाळेत वर्ग भरला. साहेब खुर्चीवर बसले, बाकीचे सतरंजीवर. जगदेवांनी विचारलं, "गाभ टाकलेल्या जनावराचा जार गावाबाहेर खोल खड्ड्यात, चुना टाकून पुरायचा, असं मागच्या साली ठरलं होतं. लोक पुरून राह्यले का?"

"हो जी," मालेगावकडचा रूपला सगळ्यांत आधी बोलला. त्याच्यामागून सगळे हो म्हणाले.

दौलतसिंग तेवढा बोलला नाही. तो शेलूबाजारजवळच्या तांड्यावरचा. कामाला वाघ, पण साहेब दिसला की खाली मान घालणारा.

"दौलतसिंग, तुमच्याकडं?"

"नाई पुरत जी कोणी," तो सतरंजीकडे पाहत म्हणाला. "माह्या घरी बी नाई. मायच वडाले बांधते."

हशा पिकला. रूपला मात्र चिडला. "काहून बे, साहेबासमोर आमाले खोटं पाडून राह्यला?"

"तुह्या गावचा वड म्या पाह्यला ना. पोतेच पोते लटकून हायेत. आंब्याले नसतीन इतके आंबे."

आता रूपलालाही हसू आवरेना. साहेब मात्र हसले नाहीत. "म्हणजे वर्षभर काय झालं, डॉक्टर? दाखले वाटले, आणि काम काहीच नाही?"

जगदेवांना उलट बरं वाटलं. वर्षभर ज्या गोष्टीचा त्यांना संशय होता ती दौलतसिंगच्या तोंडून बाहेर आली होती. "हेच ऐकायला बोलावलं होतं, साहेब. फळ्यावरचा धडा राहू द्या. दौलतसिंग, तुमचा वड दाखवा."

सगळे चालत तांड्यावर गेले. वड तांड्याच्या तोंडाशीच होता. खालच्या फांद्यांना सुतळीनं बांधलेली पोती लोंबत होती. काही वाळून काळी पडलेली. एक मात्र ओलं होतं. त्यातून थेंब गळत होते, आणि एक कुत्रं खालची माती चाटत होतं. पलीकडे पाच-सहा पोरं चिंचोके खेळत होती.

दौलतसिंगची माय हिरीबाई हातातलं काम टाकून आली. "इतके लोक कायले आणले रे? कोणी मेलं का?"

"तो वला जार कोणाचा, माय?"

"आपल्या मोरी गाईचा. गाभ टाकला तिनं काल."

जगदेव पुढे झाले. "बाई, वर कायले बांधता?"

"डाक्टर हायेस अन् इतकं माहीत नाई? वडाले चीक असते. जार वडाले बांधला का ढोराले दूध उतरते. मातीत घातला का दूध मातीच पिऊन घेते. तुह्या माणसानं सांगतलं, गावाबाहेर पुर. माह्यं दूध म्या गावाबाहेर काहून फेकू?"

साहेबांनी जगदेवांकडे पाहिलं. जगदेवांना आपली चूक आता स्वच्छ दिसली. पुरा असं त्यांनी सांगितलं होतं, पण वड सोडा असंही सांगून बसले होते. रोगाला पुरणं हवं होतं, बाईला वड हवा होता. दोन्हींचं भांडण त्यांनीच लावून दिलं होतं.

"बाई, वडाचा चीक येते कुठून?"

"कुठून म्हणजे? मुळातून."

"मग मुळापाशीच देऊ. गावाबाहेर नको. याच वडाच्या बुडाशी, खोल."

हिरीबाईनं जरा विचार केला. "कुत्रं उकरून नेईन."

"चुना टाकू, माती दाबू अन् वरून बाभळीच्या काट्या," रूपला मधेच बोलला. मघाचा राग तो विसरला होता. "आमच्याकडं पेरलेल्या भुईमुगावर डुकरासाठी टाकतो तशा."

"अन् दूध आटलं तं तू भरशीन?" हिरीबाईनं त्यालाच विचारलं.

"डाक्टर भरतीन."

"भरतो," जगदेव म्हणाले. "पण एक ऐका. ढोरानं गाभ टाकला का जार खाली. सुखरूप जनलं तं सध्या तुमच्या मनासारखं करा. पुढच्या हिवाळ्यात येतो, दूध पाहून मंग बोलू."

"हे बरं बोलला," हिरीबाई म्हणाली. "आधीच्यानं नुसता हुकूम केला." आधीचा म्हणजे तिचाच मुलगा. तो ओशाळून हसला.

कुदळ आली. वडाच्या बुडाशी, मुळं चुकवून, कमरेइतका खड्डा झाला. कोणीतरी पानाच्या दुकानातून चुन्याचं मडकं उचलून आणलं. दौलतसिंगला मघाचं भरून काढायची घाई झाली होती. त्यानं बाह्या सारल्या आणि ओल्या पोत्याकडे दोन्ही हात नेले.

जगदेवांनी त्याचं मनगट धरलं. इतकं घट्ट की तो दचकला.

"हात उघडे काहून?"

दौलतसिंगनं हात पाहिले. तळहातावर कडबा कापताना झालेली ताजी चीर होती. मागच्या साली हे सगळ्यांत नीट पाठ म्हणून दाखवणारा तोच होता. उघड्या हातानं शिवायचं नाही, जखम असेल तर मुळीच नाही.

"इसरलो जी."

जगदेवांनी मनगट लगेच सोडलं नाही. विजयमालेच्या बोटांनाही नेहमी विळीच्या चिरा असत. मग त्यांनी सोडलं. "काठीले विळा बांधा. सुतळी कापा. पोतं सरळ खड्ड्यात पडू द्या."

तसं केलं. चुना पडला, माती पडली, काट्या पडल्या. पोरांना दूर हाकललं. थेंब गळालेली जागाही खरवडून खड्ड्यात टाकली.

साहेब इतका वेळ दौलतसिंगच्या हाताकडे पाहत होते. "दाखला तुमच्या घरी भिंतीवर आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हाय जी. काच लावून."

"हं," साहेब म्हणाले. मग ते जगदेवांकडे वळले. "पुढचा वर्ग केव्हा ठेवता?"

"पुढच्या हिवाळ्यात. आणि त्यानंतरच्याही."

"ठेवा. शाळेत नको, इथंच ठेवा."

हिरीबाई कंबरेवर हात ठेवून ऐकत होती. "साहेब, माणसायचे वर्ग घेऊन काय करता? जार काहाडते कोण? बाया काहाडतेत. हे लोक तं दुरून सांगतेत, ओढ ओढ. बायाईले बलाव."

जगदेवांनी दोन वर्षं हाच विचार मनात उलटसुलट केला होता, आणि तरी ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. वर्ग पुरुषांचा घेतला होता. विजयमाला असती तरी तिला त्या सतरंजीवर जागा नव्हती.

"बलावतो," ते म्हणाले. "पहिल्या तुमी या."

"येईन. पण मले बोलू द्याव लागन."

"तुमाले कोण अडवते, माय?" दौलतसिंग म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला. या वेळी साहेबही हसले.

हात धुवायला हिरीबाईनं लोट्यानं पाणी घातलं आणि साबणाचा तुकडा दिला. जगदेव कोपरापर्यंत हात चोळत होते.

"तुह्या घरी हाय का ढोर?" तिनं विचारलं.

"गाय हाय. या महिन्यात जनीन."

"मंग तिचा जार कोण काहाडते?"

"बायको काहाडे," जगदेव म्हणाले. "आता मी काढतो."

लोट्यात पाणी उरलं होतं, ते हिरीबाईनं त्यांच्या हातांवर पुन्हा एकदा घातलं.