‘खराब’ फोल्डरमधला फोटो

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे. भिंतीवरचा नव्हे, कॉम्प्युटरमधला. नाव विचाराल तर सांगायलाही लाज वाटते: डीएससी शून्य चारशे सतरा. कॅमेऱ्यानेच ठेवलेलं, कैद्याला नंबर देतात ना, तसलंच.

माझा जन्म सहा वर्षांच्या पोरीच्या हातून झाला. या घरात फोटो नेहमी आई काढायची, त्यामुळे ती स्वतः कुठल्याच फोटोत नसे. त्या दिवशी थोरलीने हट्टच धरला. आईने कॅमेरा तिच्या गळ्यात अडकवला आणि तान्ह्या धाकटीला कडेवर घेऊन ती खिडकीपाशी उभी राहिली. "अगं, दोन्ही हातांनी धर," असं ती म्हणेपर्यंत थोरलीने बटण दाबलंसुद्धा. आईला हसू फुटलं, कॅमेरा हलला आणि मी झालो. जरा अंधुक, पण हसरा.

त्या संध्याकाळी मला बघून मायलेकी पोट धरून हसल्या. माझ्या कौतुकाचे दिवस तेवढेच.

पुढे बाबांनी फोटो नीट लावायला घेतले. बाबा चष्मे बनवतात. लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून दिवसभर झटणारा माणूस तो, अंधुक काही त्यांना डोळ्यांसमोर खपत नाही. चेहरा लख्ख असला की त्या फोटोला झकास नाव मिळायचं, ‘थोरली सायकलवर’, ‘धाकटीचा पहिला दात’. आम्हा हललेल्यांना मात्र त्यांनी यादीतल्या नखाएवढ्या चित्रावरूनच ठरवून, न उघडताच ‘खराब’ नावाच्या फोल्डरमध्ये कोंबलं. इथे माझ्या एका बाजूला कुणाचा तरी अर्धा बूट, दुसऱ्या बाजूला नुसतं छत. बोलणार कुणाशी? जीव गुदमरतो हो.

वर्षं गेली. आई आजारपणात गेली. धाकटीला ती आठवतही नाही. काल धाकटी कॉम्प्युटरपुढे बसली आणि शोधायच्या चौकटीत तिने ‘आई’ लिहिलं. काही आलं नाही. मग ‘आई आणि मी’ लिहिलं. मी इथेच होतो, पण माझ्या नावात आई नाही, मग मी वर येणार कसा?

"बाबा, माझा आईबरोबर एकही फोटो नाही?"

"तीच काढायची ना गं सगळे," बाबा हळूच म्हणाले.

"आणि हे ‘खराब’ काय आहे?"

"हललेले आहेत ते. उगाच जागा अडवून बसलेत. उद्या पुसून टाकतो."

ती "बरं" म्हणाली आणि उठून गेली. मग बाबांनीही त्या चौकटीत एकदा ‘आई’ लिहून पाहिलं. आईच्या एका फोटोसाठी त्यांचाही जीव तुटतो, हे मला दिसत होतं.

मित्रांनो, फोटो काढलात की त्यात कोण आहे ते लगेच लिहून ठेवा. हललेला असला तरी टाकण्याआधी एकदा उघडून बघा. एवढंच मागणं आहे.

बाबांनी आत्ताच कॉम्प्युटर सुरू केला आहे. धाकटे, माझं बोलणं तुला ऐकू जात नाही, हे मला कळतं. तरी सांगतो. आईने तुला कडेवर घेतलंय गं, आणि ती हसतेय. बाबांना थांबव.